नवख्याला फायटर द्या, असं मी आता म्हणत नाही

डंजन्स अँड ड्रॅगन्ससारख्या खेळात क्लासचे नियम जितके थोडे तितका तो क्लास चांगला, असं माझं ठाम मत होतं. अर्ध्या पानात मावला तर उत्तम. चार पानं लागली तर लिहिणाऱ्याला काय हवंय तेच ठरलेलं नाही, असं मी बोलूनही दाखवत असे. नवा माणूस टेबलाशी आला की न विचारता त्याच्या हाती फायटर ठेवायचा, हा त्याच मताचा व्यवहारातला भाग होता. आता मी तसं करत नाही. माझं मत बदललं आहे आणि ते का बदललं हे नीट सांगावंसं वाटतं, कारण डाव चालवणारे माझ्या ओळखीचे बहुतेक जण अजून तेच करतात.

ज्यांनी हा खेळ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. चार-सहा जण टेबलाभोवती बसतात. त्यांतला एक डीएम, म्हणजे डंजन मास्टर. जग तो उभं करतो, त्यातल्या माणसांच्या आणि राक्षसांच्या तोंडून तोच बोलतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. डीएम सांगतो, पूल कुजलेला आहे, खाली पाण्याचा आवाज येतोय, पलीकडून मशाली येताना दिसतायत, काय करता? खेळाडू आपण काय करतो ते सांगतात आणि जिथे निकाल अनिश्चित असतो तिथे वीस बाजूंचा फासा टाकतात. पात्राचा पेशा म्हणजे क्लास: तलवारीवर जगणारा फायटर, मंत्र बांधणारा विझार्ड, देवाच्या नावाने जखमा भरणारा क्लेरिक, कुलपं उघडणारा रोग. क्लास ठरला की त्या पात्राला काय येतं ते ठरतं. हे ‘काय येतं’ कागदावर किती लिहायचं, यावर पन्नास वर्षं वाद चालू आहे.

१९७४ मध्ये अमेरिकेत, विस्कॉन्सिन राज्यातल्या लेक जिनीव्हा गावातून, टीएसआर या छोट्या कंपनीने हा खेळ बाजारात आणला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन हे त्याचे दोन कर्ते. पेटीत तीन पातळ पुस्तिका आणि क्लासही तीनच: फायटिंग-मॅन, मॅजिक-यूजर, क्लेरिक. पुढच्याच वर्षी ग्रेहॉक नावाच्या पुरवणीत थीफ, म्हणजे आजचा रोग, आला आणि त्याच्याबरोबर टक्केवारीचा तक्ता आला. लपण्याची शक्यता इतकी, दबक्या पावलांनी जाण्याची इतकी, सापळा निकामी करण्याची इतकी.

माझ्या जुन्या मताचा सगळ्यात भक्कम आधार हा थीफच होता. तो येण्याआधी अंधारात लपणं कोणालाही जमू शकत होतं. खेळाडूने म्हणावं, मी मशाल विझवतो आणि पडद्यामागे उभा राहतो. डीएमने विचार करून होय किंवा नाही म्हणावं. थीफला ही कामं आकड्यांसकट लिहून मिळाली आणि बाकीच्यांच्या हातून ती निसटली. फायटरने सापळा शोधतो म्हटलं की टेबलावरून उत्तर यायला लागलं, ते तुझं काम नाही. एकाला काही लिहून दिलं की दुसऱ्याभोवती कुंपण पडतं, असं मी त्यावरून ठरवलं होतं. त्यातलं बरंचसं मला आजही पटतं.

टॉम मोल्डव्हेने संपादित केलेला १९८१ चा बेसिक संच माझ्या लेखी आदर्श होता. चौसष्ट पानांची पुस्तिका, सात क्लास, आणि फायटरबद्दल जेमतेम काही ओळी: कोणतंही शस्त्र, कोणतंही चिलखत, हिट पॉइंटसाठी, म्हणजे पात्र किती मार सोसू शकतं ते ठरवायला, आठ बाजूंचा फासा. चहा होईपर्यंत पात्र तयार. आमच्या टेबलावर खेळ मराठीत चालतो आणि नियमांची पुस्तकं मात्र सगळी इंग्रजीत आहेत. थोडे नियम म्हणजे कमी इंग्रजी पानं, म्हणजे जास्त लोक सहज खेळू शकणार, हाही माझा हिशेब होता.

याच्या दुसऱ्या टोकाला २००० सालची तिसरी आवृत्ती. तोपर्यंत टीएसआर विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीकडे गेली होती. मॉन्टे कुक, जोनाथन ट्वीट आणि स्किप विल्यम्स यांनी नियम नव्याने बांधले. मूळ पुस्तकात अकरा क्लास, शिवाय फीट नावाची खास कौशल्यं, शिवाय पुढे जाऊन घ्यायचे प्रेस्टीज क्लास. फायटरला वीस लेव्हलमध्ये, म्हणजे अनुभवाच्या वीस पायऱ्यांत, अकरा जादा फीट मिळत. ऐकायला हे वैभव वाटतं. पण तलवार गरगर फिरवून आजूबाजूच्या सगळ्या शत्रूंवर एकदम वार करायचा, म्हणजे व्हर्लविंड अटॅक हवा, तर त्याआधी आणखी चार फीट घेतलेले असावे लागत. त्यांतले निम्मे त्या माणसाला कधी उपयोगी पडतीलच असं नाही. पहिल्या लेव्हलला चूक निवड झाली तर सहाव्या लेव्हलला समजायचं. मॉन्टे कुकने पुढे एका लेखात स्पष्ट लिहिलं, की खेळावर प्रभुत्व मिळवणाऱ्याला फायदा व्हावा अशी रचना त्यांनी समजून-उमजून केली होती. काही फीट मोजक्याच प्रसंगी कामाचे होते आणि कुठे कामाचे, हे पुस्तकात सांगितलं नव्हतं. तीन हिट पॉइंट देणारा टफनेस हा त्यातला नेहमीचा दाखला. हे वाचून माझी खात्री पटली होती की गुंतागुंत म्हणजे नवख्यांवर अन्याय.

या मताला पहिला तडा गेला तो माझ्या मावसबहिणीमुळे. तिने हा खेळ आधी कधी पाहिलेला नव्हता. मी तिला जुन्या नियमांचा फायटर दिला. तिची पाळी आली.

“मी काय काय करू शकते?”

“तुला वाटेल ते कर, ताई.”

ती कागदाकडे बघत राहिली. कागदावर तलवार, चिलखत आणि हिट पॉइंट एवढंच होतं. “मारते,” ती म्हणाली. पुढच्या पाळीलाही मारते. त्याच्या पुढच्याही. शेजारी बसलेल्या कॉलेजच्या मुलाकडे मॅजिक-यूजर होता. त्याच्या कागदावर फक्त स्लीप हा एक मंत्र होता, पण तो सारखा प्रश्न विचारत होता. पहारेकरी किती आहेत? जवळ जवळ उभे आहेत का? झोपले तर कुत्रा भुंकेल का? एका शब्दाने त्याला बोलायला जागा मिळाली होती. माझ्या बहिणीला आम्ही सगळं आकाश मोकळं दिलं होतं आणि तिला एक पाऊल टाकता येत नव्हतं.

सुगरण बाई सांगते, मीठ अंदाजाने घाल. जिने शंभर वेळा आमटी केली तिला त्यात सोय दिसते. पहिल्यांदा गॅससमोर उभी राहिलेली मुलगी त्या ‘अंदाजाने’पाशीच अडते. जुन्या फायटरचं तसंच आहे. काय काय करता येतं हे त्या अर्ध्या पानात नसतं, ते खेळाडूच्या डोक्यात आधीपासून असावं लागतं. अनेक वर्षं खेळलेल्या माणसाला ठाऊक असतं की टेबल उलटवता येतं, शत्रूच्या डोळ्यांत राख फेकता येते, झुंबराची दोरी कापता येते. तो कोरा कागद बघून खुलतो. नवखा गप्प होतो.

पुढे तिच्यासाठी मी २०१४ च्या पाचव्या आवृत्तीतला फायटर घेतला, त्यातही बॅटल मास्टर नावाची शाखा. तिसऱ्या लेव्हलला या फायटरला तीन डावपेच निवडता येतात आणि ते वापरायला आठ बाजूंचे चार फासे मिळतात. थोडी विश्रांती घेतली की खर्च झालेले फासे परत येतात. मी डावपेच मराठीत कार्डांवर लिहून दिले: शत्रूला पाडणं, मागे ढकलणं, आपला वार सोडून सोबत्याला वार करायला लावणं. हे नियम मोल्डव्हेच्या फायटरपेक्षा कितीतरी जास्त होते. तरी ती बोलायला लागली. त्याला कड्याकडे ढकलता येईल का? मी पाडते, मग तू मार. काही दिवसांनी कार्डावर नसलेल्या गोष्टीही ती विचारू लागली. लिहिलेल्या तीन पर्यायांनी तिची कल्पनाशक्ती अडवली नाही, उलट ती कुठून सुरू करायची हे दाखवलं. माझ्या कुंपणाच्या सिद्धांतात ही गोष्ट बसत नव्हती.

त्याच टेबलावर आमचा एक जुना मित्र आहे, बँकेत नोकरी करणारा. नियम त्याला माझ्यापेक्षा चांगले पाठ आहेत. तो मात्र चॅम्पियन खेळतो, म्हणजे पाचव्या आवृत्तीतली फायटरची सगळ्यात साधी शाखा. इतरांचा घाव फक्त २० पडल्यावर जबर बसतो, याचा १९ वरही बसतो. तिसऱ्या लेव्हलला मिळतं ते मुख्यतः एवढंच. दिवसभर आकडे बघून आल्यावर त्याला टेबलावर हिशेब नको असतो. त्याला सरदाराशी सौदा करायचा असतो, गावातल्या म्हातारीशी गप्पा मारायच्या असतात. ज्या साध्या क्लासवर मी नवख्याचं नाव घातलं होतं, तो खऱ्या अर्थाने त्याचा निघाला.

इथून मी जुनी पुस्तकं पुन्हा वाचायला घेतली आणि क्लास किती पानांचा आहे हे मोजायचं सोडून दिलं. आता मी बघते, निर्णय कुठे घ्यावा लागतो. तिसऱ्या आवृत्तीतल्या फायटरचे जवळपास सगळे निर्णय घरी होतात. कोणते फीट, कोणत्या क्रमाने, कोणतं शस्त्र. एकदा ते झाले की टेबलावर तो शत्रूसमोर उभा राहतो आणि फासे टाकतो. अभ्यास भरपूर, खेळताना निवड थोडी. मोल्डव्हेचा मॅजिक-यूजर नेमका उलटा. पात्र पाच मिनिटांत होतं. हिट पॉइंटसाठी चार बाजूंचा फासा, चिलखत नाही, हातात फक्त खंजीर, आणि दिवसाला एक मंत्र. तो मंत्र आता टाकायचा की पुढच्या खोलीसाठी राखायचा, हा प्रश्न त्याच्यासमोर अख्खा डावभर असतो, आणि चुकलं तर पात्र जिवानिशी जातं. नियमांच्या ओळी मोजल्या तर हा सगळ्यात छोट्या क्लासांपैकी एक. चालवायला सगळ्यात कठीण. मी वर्षानुवर्षं या दोघांना एकाच फूटपट्टीने मोजत होते.

जुन्या मंडळींना हे कळत होतं असं मला आता वाटतं. त्या बेसिक संचात प्रत्येक क्लासला दुसऱ्या लेव्हलसाठी वेगवेगळा अनुभव लागतो: थीफला १२०० गुण, फायटरला २०००, मॅजिक-यूजरला २५००, आणि तलवार व मंत्र दोन्ही येणाऱ्या एल्फला ४०००. सगळे क्लास एका वजनाचे करण्याचा हट्ट त्यांनी धरला नाही. वजनाचा फरक त्यांनी तक्त्यात मान्य केला.

२००८ च्या चौथ्या आवृत्तीबद्दल मी फार कडक बोलले आहे. रॉब हाइन्सू, अँडी कॉलिन्स आणि जेम्स वायट यांनी सगळ्या क्लासना एकच सांगाडा दिला: काही शक्ती कितीही वेळा, काही चकमकीत एकदा, काही दिवसातून एकदा. विझार्डकडे जितकी कार्डं तितकीच फायटरकडे. लढाया लांबल्या आणि क्लास एकमेकांसारखे वाटू लागले, ही तक्रार मी आजही मागे घेत नाही. पण त्या फायटरला काय मिळालं होतं हे मी तेव्हा पाहिलंच नाही. तो शत्रूला खुणावू शकत असे. खुणावलेल्या शत्रूने दुसऱ्या कोणावर हल्ला केला तर त्याच्या फाशातून दोन वजा होत, आणि शेजारी उभ्या फायटरला लगेच वार करायला मिळे. पुढे उभा राहून सोबत्यांना वाचवतो तो फायटर, असं १९७४ पासून सगळे म्हणत आलेत. त्याला ते प्रत्यक्ष करता यावं असा नियम इथे होता. तोवर राक्षस त्याला वळसा घालून विझार्डकडे जायचा की नाही, हे डीएमच्या मर्जीवर होतं.

मर्जीचा हा मुद्दा मला सगळ्यात जास्त बोचतो. मॅट फिंचने २००८ मध्ये जुन्या पद्धतीच्या खेळाची ओळख करून देणारी एक छोटी पुस्तिका लिहिली. नियमापेक्षा डीएमचा निवाडा मोठा, हा तिचा गाभा. मला ती पुस्तिका फार आवडते. पण निवाडा मागण्यासाठी बोलता यावं लागतं. टेबलावर चार मोठ्या आवाजाची माणसं असतील आणि पाचवी एक बुजरी मुलगी, तर मोकळ्या नियमांमध्ये चौघांच्या कल्पना चालतात. त्यांना डीएम ओळखतो, त्यांचे विनोद त्याला कळतात, त्यांचं झुंबर पडतं. त्या मुलीच्या कागदावर ‘शत्रूला पाडू शकते’ असं लिहिलेलं असेल तर तिला कोणाला पटवावं लागत नाही. ती कार्ड पुढे करते आणि शत्रू पडतो. लिहिलेली क्षमता हा तिचा हक्क असतो. मी डीएम म्हणून प्रामाणिक आहे, एवढं पुरेसं आहे असं मी समजत होते. माझ्या प्रामाणिकपणावर तिने का अवलंबून राहावं?

सगळे पर्याय नुसते वाढवावेत असं मात्र मी म्हणत नाही. व्हिन्सेंट बेकरच्या २०१० सालच्या अपॉकॅलिप्स वर्ल्डमध्ये क्लासऐवजी प्लेबुक आहेत. प्रत्येक पात्राचा स्वतंत्र छापील कागद. त्यावर नावांच्या सूचना, चेहऱ्यामोहऱ्याचे पर्याय, क्षमतांच्या चौकटी, सगळं डोळ्यांसमोर. खूण करत जायचं आणि खेळायला लागायचं. जॉन हार्परच्या २०१७ च्या ब्लेड्स इन द डार्कमध्येही तेच. निवडी तिथे कमी नाहीत. पण त्या तीनशे पानी पुस्तकात दडलेल्या नसतात आणि एकीसाठी आधी चार दुसऱ्या घ्याव्या लागत नाहीत. माणूस पर्यायांनी दमत नाही, ते लक्षात ठेवण्याने दमतो.

माझी आजची खरी तक्रार वेगळी आहे. सोपेपणा तलवारीला आणि गुंतागुंत मंत्राला, अशी वाटणी या खेळात मुळापासून घट्ट बसली आहे. पाचव्या आवृत्तीच्या तयारीत, २०१२ पासूनच्या चाचणी नियमांमध्ये, एका टप्प्यावर सगळ्याच फायटरना डावपेचांचे फासे दिले होते. शेवटी ते एका शाखेपुरते उरले, आणि चॅम्पियन वेगळा निघाला. एका क्लासखाली दोन्ही सोयी ठेवल्या, हे चांगलंच झालं. पण विझार्डच्या बाजूला चॅम्पियन कुठे आहे? पहिल्याच लेव्हलला विझार्डच्या वहीत सहा मंत्र असतात, शिवाय हवे तेव्हा टाकायचे तीन छोटे. ज्याला जादूगार व्हायचं आहे, पण यादी सांभाळायची नाही, त्याला फार तर वॉरलॉक या दुसऱ्या जादूगार क्लासकडे पाठवता येतं, आणि तिथेही निवडी बऱ्याच. हाइन्सू आणि ट्वीट यांच्या २०१३ च्या थर्टीन्थ एज या खेळात कोणता क्लास सोपा आणि कोणता अवघड हे पुस्तकातच सांगितलं आहे. असा प्रामाणिकपणा मला हवा होता. पण त्यातही सोप्या टोकाला बार्बेरियन आणि अवघड टोकाला विझार्डच.

हे बदलता येतं. चौथ्या आवृत्तीच्या अखेरीस, २०१२ मध्ये, हिरोज ऑफ द एलिमेंटल केऑस या पुस्तकात एलिमेंटलिस्ट नावाचा सोपा जादूगार होता: एक मूलतत्त्व निवडायचं आणि त्याचाच मारा करायचा. फार थोड्या लोकांनी तो खेळला असेल, कारण तोवर सगळ्यांचं लक्ष पुढच्या आवृत्तीकडे लागलं होतं. आणि २०२४ च्या सुधारित पुस्तकात फायटरला शाखा कोणतीही असो, शस्त्रागणिक एक कसब मिळतं. एखादं शस्त्र शत्रूला ढकलतं, एखादं पाडतं. म्हणजे आता चॅम्पियनलाही ‘मारते’च्या पुढे बोलायला काहीतरी आहे.

जुने नियम मी टाकून दिलेले नाहीत. केल्सी डियॉनच्या २०२३ च्या शॅडोडार्कमध्ये मूळ क्लास चारच आहेत, आणि अनुभवी मंडळी जमली की आम्ही तो आनंदाने खेळतो. थीफबद्दलचं माझं म्हणणंही कायम आहे: एखादं काम एका क्लासला लिहून द्यायचं असेल तर बाकीच्यांना ते अजिबात जमणार नाही असा अर्थ त्यातून निघू नये, याची काळजी नियम लिहिणाऱ्याने घ्यावी.

तुम्ही डाव चालवत असाल तर माझी विनंती एवढीच आहे. नवं माणूस आलं की फायटरचा कागद पुढे सरकवू नका. आधी विचारा, तुला कोण व्हायचंय? मग दुसरं विचारा, पाळी आली की समोर पर्याय लिहिलेले असले तर बरं वाटेल, की मनाने सांगायला आवडेल? दोन्ही उत्तरं ऐका आणि त्याप्रमाणे पात्र बांधा. तलवार मागणाऱ्याला पर्याय हवे असतील तर कार्डं करा, आपल्या भाषेत करा. मंत्र मागणाऱ्याला यादी नको असेल तर एकच मंत्र द्या आणि तो त्याला मनसोक्त वापरू द्या. पुस्तकात तशी सोय नसेल तर ती तुम्ही करा, डीएमला तेवढा अधिकार १९७४ पासून आहे.